पोलिओचा पाय, आणि आता 'चांगला' पायही थकलाय. व्हीलचेअर घ्यावी का?

अबोली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

मी ६१ वर्षांची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, उजवा पाय मांडीपासून गेला. तेव्हापासून उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आणि डाव्या हातात काठी. शिक्षण, नोकरी, संसार, दोन मुलं, सगळं ह्याच पायांवर झालं.

गेली दोन-तीन वर्षं मात्र वेगळंच सुरू आहे. उजव्या पायाची तक्रार नाही, तो होता तसा आहे. डावा, ज्याला आम्ही घरात कायम 'चांगला पाय' म्हणत आलो, तो दगा देतोय. दुपारी चारनंतर मांडी थरथरते. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीला गुडघा साथ देईल का, याचा भरवसा नाही. जरा गारठा पडला की पाय बर्फ होतो आणि तासभर ऊब येत नाही. आणि थकवा असा, की रात्रभर झोपून उठलं तरी अंगातून जात नाही.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पायाला हातही न लावता सांगितलं, "वय झालं, वजन उतरवा, रोज चाला." मी मनावर घेतलं. आधी अर्धा तास, मग पाऊण तास. दीड महिन्यात आधीपेक्षा वाईट अवस्था झाली. एके दिवशी बाथरूमच्या दारात पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, बाहेर जाताना व्हीलचेअर वापरायला लागा. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

कारण सांगते. लहानपणी आई रोज संध्याकाळी मला व्हरांड्यात भिंतीला धरून उभं करायची आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. मी पडले तरी उठून यायची नाही. मी आपली आपण उठून तिच्यापर्यंत पोचायचे. त्या भिंतीवर माझ्या तळहाताची मळकट रेघ उमटली होती. मी वाढत गेले तशी ती रेघ वर सरकत गेली. आता आई नाही. खुर्चीचं नाव काढलं की ती रेघ डोळ्यांसमोर येते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोलिओ झालेल्या आणखी कुणाला उतारवयात असं झालंय का? आणि खुर्चीत बसले तर जे काही चालणं उरलंय तेही जाईल का?

रानवाटा:
ताई, मनापासून सांगतो, खुर्ची नको. माझे सासरे पडल्यावर "चार दिवस आराम" म्हणून खुर्चीत बसले ते पुन्हा उठले नाहीत. दोन महिन्यांत पायांच्या काड्या झाल्या. तुम्ही साठ वर्षं जिद्दीने चालला आहात, ती जिद्द सोडू नका. थोडं थोडं का होईना, चालत राहा.

पैलतीर:
रानवाटांशी सहमत. स्नायू वापरले नाहीत तर जातात, आणि वापरले तर कुठल्याही वयात परत येतात. १९९० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे मांडीचा व्यायाम वजनं लावून करायला दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मी स्वतः ७२ व्या वर्षी वजनं उचलायला सुरुवात केली. पूर्वी जमिनीवरून उठताना पलंगाचा पाय धरावा लागे, आता लागत नाही.

फिजिओ_मेघा:
अबोलीताई, कृपा करून वरचे दोन्ही सल्ले अजून अमलात आणू नका. दोघांनीही आपुलकीने लिहिलंय, आणि पोलिओ न झालेल्या माणसाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तुमचा पाय वेगळा आहे.

तुम्ही लिहिलेली लक्षणं 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम'ची असू शकतात. पोलिओच्या विषाणूने मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारल्या. त्यांच्या ताब्यातले स्नायूंचे धागे पोरके झाले. मग ज्या पेशी वाचल्या त्यांनी नवे फाटे फोडले आणि ते पोरके धागे दत्तक घेतले. एकेक पेशी कित्येक पट जास्त धाग्यांचा संसार ओढू लागली, म्हणून तर तुम्ही लहानपणी सावरलात. पण हा जादा भार तिने पन्नास-साठ वर्षं वाहिला. आता ते फाटे झडायला लागले असावेत. विषाणू परत आलेला नाही, कुणाला लागणही होत नाही. मूळ आजारानंतर किमान १५ वर्षं सगळं स्थिर असतं आणि मग नवा अशक्तपणा, थकवा, दुखणं, थंडी न सोसणं सुरू होतं. साधारण १५ ते ४० वर्षांनी, कधी त्याहून उशिरा.

आणि 'चांगला पाय' म्हणाल, तर पोलिओत चांगला दिसणारा पायही बरेचदा पूर्ण सुटलेला नसतो. त्याच्याही काही पेशी तेव्हाच गेलेल्या असतात. शिवाय दोन पायांचं काम त्याने एकट्याने केलंय.

म्हणून 'जितकं चालाल तितकं बरं' हा नियम इथे उलटा पडतो. व्यायाम हवा, पण स्नायू दमायच्या आधी थांबणारा. मी माझ्या पेशंटना एक साधी खूण सांगते: आज केलेल्या कामाने उद्याही दुखत असेल किंवा पाय लटपटत असेल, तर आज जास्त झालं. तुमच्या पाऊण तासाच्या चालण्याने नेमकं हेच झालेलं दिसतं.

मात्र माझ्यावर विसंबून निदान ठरवू नका. ह्या सिंड्रोमची एक अशी तपासणी नसते, बाकीची कारणं वगळत वगळत तिथे पोचतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, पाठीच्या मणक्यात दबलेली शीर, झोपेत श्वास अडकणं, हे सगळं आधी बघायला हवं. न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे जा. आणि पुढे कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मला पोलिओ झाला होता" हे स्वतः, आवर्जून सांगा. भुलीच्या औषधांचा आणि श्वासाचा हिशेब त्यांना वेगळा करावा लागतो.

पैलतीर:
मेघाताई, हे मला माहीत नव्हतं. अबोलीताई, माझा सल्ला मागे घेतो. तो माझ्यासारख्यांसाठी ठीक आहे.

रानवाटा:
मेघाताई, समजलं. पण मग सासऱ्यांचं काय चुकलं? तेही थकलेलेच होते.

फिजिओ_मेघा:
त्यांचे स्नायू न वापरल्यामुळे गेले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू फार झपाट्याने उतरतात. त्यांना रोज आधाराने चार वेळा उभं करायला हवं होतं, आणि ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तुमचा दोष नाही. एकाला कमी वापराने त्रास होतो, दुसऱ्याला जास्त वापराने. "वय झालं" म्हटलं की दोघांना एकाच माळेत ओवतात आणि तपासायचं राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींबद्दलच्या सूचना नव्याने काढल्या, त्यात अपंगत्वासह जगणाऱ्यांसाठी प्रथमच वेगळा विभाग घातला. म्हणजे इतकी वर्षं हे लोक हिशेबातच नव्हते.

चाकांवर:
अबोली, मी २४ व्या वर्षापासून खुर्चीवर आहे, पाठीचा मणका मोडला होता. आता ५७. त्यामुळे खुर्चीबद्दल थोडं अधिकाराने लिहितो.

लोक म्हणतात 'खुर्चीला जखडला'. मी खुर्चीमुळे सुटलो. खुर्ची नव्हती ते पहिले सात महिने मी जखडलेला होतो, छताकडे बघत.

पण म्हातारपण खुर्चीवाल्यालाही गाठतंच, आणि ते आमच्या खांद्यांत येतं. तुमचे पाय दिवसातून काही हजार पावलं टाकतात तसे आमचे हात चाकाला काही हजार धक्के देतात. वर पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, गाडीत, प्रत्येक वेळी सगळं अंग दोन खांद्यांवर तोललं जातं. खांदा त्यासाठी बनलेला नाही. पन्नाशीला माझ्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला. डोक्यावरून शर्ट काढता येईना. डॉक्टर म्हणाले, खांद्याला सहा आठवडे विश्रांती द्या. मी विचारलं, म्हणजे सहा आठवडे मी चालायचं नाही का? त्यांना प्रश्न कळलाच नाही.

त्या दुखण्यात शिकलो ते लिहितो. चाक ढकलताना छोटे छोटे झटके द्यायचे नाहीत. हात मागून घेऊन लांब, सावकाश धक्का द्यायचा आणि परत आणताना हात चाकाच्या कड्याच्या खालून, सैल सोडून आणायचा. माझी पंचवीस वर्षांची सवय उलट होती, ती मोडायला सहा महिने लागले. सुरुवातीला पत्नी शेजारून चालताना नुसतं "खालून" एवढंच म्हणायची. दुसरं, बॅटरीवरची खुर्ची. ती मी चार वर्षं टाळली, अगदी तुमच्यासारख्याच भावनेने. हाताने ढकलतो म्हणजे मी अजून धडधाकट, असं वाटायचं. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी संध्याकाळी मी मुलीच्या केसांत तेल घातलं. हात वर जात होता.

तुम्ही खुर्ची घेतलीत तर रोज, दिवसभर हाताने ढकलायची म्हणून घेऊ नका. काठीवर भार देऊन तुमचा डावा खांदा आधीच राबलाय, आणि पोलिओ झालेल्यांच्या हातांतही ही झीज होऊ शकते. लांब जायचं तर बॅटरीची, नाहीतर दुसऱ्याने ढकलायची.

मृदगंध:
वाचनखूण साठवली. चाकांवर, तेलाचं वाचून डोळे भरून आले.

सांजवात:
थोडं अवांतर, पण उतारवय आणि अपंगत्व म्हटलं आहे म्हणून लिहिते. माझ्या वडिलांची नजर डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेमुळे गेली. ८१ व्या वर्षी ते एके दुपारी अगदी शांतपणे म्हणाले, "ही निळ्या टोप्यांची मुलं कुणाची?" खोलीत कुणी नव्हतं. मग रोजच. कधी मुलं, कधी भिंतीवर नक्षी. आम्ही हादरलो. डोक्यावर परिणाम झाला म्हणून एका ठिकाणी औषधं सुरू केली, त्यांनी ते दिवसभर गुंगीत. वडिलांनी मग दिसतं ते सांगणंच बंद केलं.

सहा महिन्यांनी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी सहज विचारलं, "काही नसलेलं दिसतं का हो काका?" आणि वडील रडायलाच लागले. ह्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. बोने ह्या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय. नजर गेली की मेंदूच्या दृष्टीच्या भागाला डोळ्यांकडून काही पोचत नाही, मग तो स्वतःच चित्रं तयार करतो. माणसाला ती खरी नाहीत हे बहुधा कळत असतं आणि त्यात फक्त दिसतं, ऐकू येत नाही. वेड नाही, डिमेन्शियाही (स्मृतिभ्रंश) नाही. औषधं कमी झाली. नजर इकडून तिकडे फिरवायची, दिवा लावायचा, ह्याने ती मुलं जायची. शेवटच्या वर्षात वडील मला सांगायचे, "आज टोप्या पिवळ्या होत्या."

घरात कुणाची नजर गेली असेल तर त्यांना हा प्रश्न आपण होऊन विचारा. ते स्वतः सांगणार नाहीत.

मृदगंध:
सांजवात, आमच्या आजीला 'बायका' दिसायच्या. तिचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते. आम्ही सगळे तिच्यावर ओरडायचो. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. हे आज कळलं.

सांजवात:
मृदगंध, तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही सहा महिने कळलं नाही.

पैलतीर:
ह्यावरून आठवलं. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर नेमलेल्या आयोगाचा २०२४ चा अहवाल सांगतो की १४ गोष्टींकडे आयुष्यभर लक्ष दिलं तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकेल. त्यात बहिरेपणा आहे, आणि उपचाराविना राहिलेली अधू नजर ह्या वेळी नव्याने आली आहे. त्यामुळे कानाचं यंत्र लावायला लाजू नका, मी लावतो.

हातबोली:
पैलतीरकाका, उतारवयात ऐकू कमी येणाऱ्यांसाठी हे बरोबर आहे. पण जन्मापासून ऐकू न येणारी माणसंही म्हातारी होतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

माझे आईवडील दोघंही जन्मतः कर्णबधिर. घरात बोलणं हातांनी. आई ७० ची झाली तेव्हा तिच्या अंगठ्यांच्या बुडाशी संधिवात सुरू झाला. मूठ पुरती मिटेना, बोटं पुरती सरळ होईनात. खुणांच्या भाषेत मुठीचा आकार बदलला की शब्दच बदलतो. म्हणजे आईचं बोलणं बोबडं झालं. त्याच सुमारास बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एकाचं बोलणं अस्पष्ट, दुसऱ्याला ते दिसेना. संध्याकाळी घरात वाद व्हायचे, बाबा पाठ फिरवून बसायचे. आम्हा भावंडांना वाटलं, म्हातारपणी स्वभाव बिघडला.

एक दिवस वीज आल्यावर मी बघितलं, वाद मिटला होता. उजेडाचा प्रश्न होता! जेवणाच्या टेबलावर, आईच्या हातांवर पडेल असा मोठा दिवा लावला. आईच्या मागची चित्रांची चादर काढून साधा, गडद पडदा लावला. मग बाबांचं ऑपरेशन केलं. तिथेही एक अडचण होती: डोळ्यावर पट्टी असताना बाबांशी बोलणार कसं? म्हणून आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं. खांद्यावर एकदा थोपटलं की "हलू नका", दोनदा की "झालं". दोन खुणांच्या ह्या भाषेवर बाबांनी ऑपरेशन निभावलं.

आईच्या अंगठ्यांना आता रात्री आधारपट्टी आणि सकाळी गरम पाण्याचा शेक असतो. ती म्हणते, "माझा आवाज बसला होता, आता मोकळा झाला."

फिजिओ_मेघा:
हातबोली, अंगठ्याच्या संधिवाताचे कितीतरी पेशंट मी तपासलेत. त्या हाताने माणूस बोलत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. आता प्रत्येकाला विचारेन, ह्या हाताने तुम्ही काय काय करता.

धाकटी_पाती:
माझा दादा ४७ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. गेल्या वर्षापासून कपड्यांची बटणं उलटी लावायला लागला, गाणं लावलं तरी नाचेना. डाउनमध्ये २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं आणि अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाचा जनुकही त्याच गुणसूत्रावर आहे, त्यामुळे तो आजार ह्यांना फार लवकर गाठतो, हे मला ठाऊक होतं. मी मनाने हरून बसले होते. पण डॉक्टरांनी आधी थायरॉइड, कान आणि डोळे तपासले. थायरॉइड फारच कमी निघालं आणि कान मळाने गच्च भरलेले. उपचारांनंतर दादा पुन्हा नाचतो. पुढे काय होईल ते होईल, पण हे वर्ष आम्ही गमावलं नाही.

आईबाबा ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्यानंतर दादा माझ्याकडे, हे ठरलंय. पण माझ्यानंतर? ह्याचा विचार इथे कुणी केला असेल तर वेगळा धागा काढा, मी येईन.

रानवाटा:
एक छोटी भर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे सासऱ्यांच्या वेळी आम्हाला माहीत नव्हतं. उंची अशी, की हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला जरा बसून मग उभं राहावं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सासरे असेच पहाटे उठताना पडले होते.

अबोली:
महिन्यानंतर येतेय, माफ करा. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं.

न्यूरॉलॉजिस्टना भेटले. त्यांनी पाऊण तास तपासलं. दोन्ही पायांचे स्नायू एकेक करून दाबून बघितले, स्नायूंमध्ये सुई घालून करतात ती तपासणी केली. ड जीवनसत्त्व कमी होतं, बाकी रक्त ठीक. मग म्हणाले, पोस्ट-पोलिओच आहे. डाव्या पायालाही तेव्हा लागलं होतं. साठ वर्षं मी त्याला 'चांगला' म्हणत आले आणि त्यानेही ते निभावलं. घरी आल्यावर रात्री मी त्याला कोमट तेल लावलं. इतकी वर्षं तेल फक्त उजव्याला लागायचं.

कॅलिपर बदललं, नवं निम्म्याहून हलकं आहे. कामं वाटून टाकली आहेत. भाजी बसून चिरते, अंघोळ स्टुलावर बसून. जिना दिवसातून एकदाच.

आणि खुर्ची. एका मैत्रिणीची आणून ठेवली होती, आठ दिवस तिच्यावर चादर टाकलेली होती. मग पुस्तकांच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं. दरवर्षी मी पहिल्या दोन रांगा बघून दारापाशी बसते आणि बाकीचे सगळे फिरून येतात. ह्या वेळी मुलगा म्हणाला, "आई, ह्या वर्षी शेवटच्या रांगेपर्यंत जायचं का?" बसले. पहिली दहा मिनिटं कुणाकडे बघवेना. मग एका खालच्या फळीवर माझ्या डोळ्यांच्या उंचीला बालगोष्टींची पुस्तकं लागली, आणि पुढचे तीन तास मला पायांची आठवण झाली नाही. सगळ्या रांगा बघितल्या. घरी आलो तेव्हा सात वाजले होते आणि मांडी थरथरत नव्हती. रात्री नातवाला झोपवताना मी उभी राहून त्याला थोपटलं. असं उभं राहून थोपटणं दोन वर्षांत जमलं नव्हतं.

आईची आठवण येते. ती दुसऱ्या टोकाला बसायची कारण मी तिच्यापर्यंत पोचावं असं तिला वाटायचं. कशी पोचते, भिंत धरून, रांगत की घसरत, ह्यावर ती कधी बोलली नव्हती. हे मला प्रदर्शनातून परत येताना गाडीत सुचलं.

घरात मी चालतेच आणि चालणार आहे. बाहेरसाठी स्वतःची खुर्ची घेतेय. चाकांवर, माप कसं घ्यायचं सांगाल का? मैत्रिणीची खुर्ची मला रुंद होते, एका कुशीवर कलल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

चाकांवर:
अबोली, आजचा दिवस छान केलात.

माप असं: कडक खुर्चीवर ताठ बसा. कंबरेखालच्या सर्वांत रुंद भागाचं माप घ्या, त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा, ती झाली बैठकीची रुंदी. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि दोन-तीन बोटं कमी करा, ती खोली. कडा गुडघ्यामागे रुतता कामा नये. गुडघ्याच्या घडीपासून टाचेपर्यंत माप बूट घालून घ्या, आणि दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्या. पोलिओचा पाय बहुधा आखूड असतो, पायटे (पाय ठेवायच्या फळ्या) वरखाली करता येणारे असले पाहिजेत. तुमची कंबर त्यामुळेच धरली असेल. उशी घेतल्याशिवाय खुर्ची घेऊ नका, आणि सगळी मापं उशीवर बसून पुन्हा तपासा. माप घेताना कॅलिपर पायात असू द्या.

अबोली:
आखूड आहे, साडेतीन सेंटिमीटर. कॅलिपर घालून उद्या मुलाकडून मापं घेते आणि इथेच टाकते.